डोळे, कान आणि तोंड

भारतातल्या नव्या माध्यमांचा इतिहास कुणी सांगायला बसलं, की गाडी फिरून फिरून २६ नोव्हेंबर २००८वर येतेच. त्या रात्री कुलाब्यात काय चाललंय हे जगाला आधी ट्विटरवरून कळलं, फ्लिकरवरच्या फोटोंतून दिसलं, विकिपीडियाचं पान त्याच रात्री तयार झालं, आणि वर्तमानपत्रं छापून येईपर्यंत ब्लॉगवाल्यांनी रुग्णालयांचे फोन नंबर देऊन टाकले होते, वगैरे. ही हकिकत खोटी नाही. त्या काळात मी स्वतः मराठीत ब्लॉग लिहीत होते आणि त्या तीन दिवसांत मीही बडबड केली होती. पण ही गोष्ट सांगताना सुरुवात नेहमी लिओपोल्ड कॅफेपासून किंवा ताजच्या धुरापासून होते. ती त्याच्या तासभर आधी, तिथून चालत वीस-पंचवीस मिनिटांवर, कफ परेडच्या मच्छीमार नगरात झाली होती. हल्लेखोरांना मुंबईत सगळ्यांत आधी पाहिलं ते तिथल्या माणसांनी. आणि त्या रात्रीच्या आंतरजालावर, जिथे कुणीही लिहू शकतं असं आम्ही अभिमानाने सांगत होतो, तिथे त्यांचा एक शब्दही नव्हता.

हे मला नंतर कळलं असं म्हणता येत नाही. आठवड्याभरातच कळलं होतं, समोरासमोर सांगितलं गेलं होतं. तरी मी लिहिलं नाही. ते का, हे सांगायचं तर त्या ब्लॉगजगाचा थोडा इतिहास सांगावा लागेल.

*

आधी जागा. मी तेव्हा कफ परेडच्या एका उंच इमारतीतल्या कचेरीत नोकरी करत होते आणि राहायला गिरगावात होते. ज्यांनी तो भाग पाहिलेला नाही त्यांना कफ परेड म्हटल्यावर फक्त टॉवर डोळ्यांपुढे येतात. हे नाव इंग्रज अमलातल्या सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टमधल्या टी. डब्ल्यू. कफ यांच्यावरून पडलं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कुलाब्याच्या पश्चिम किनाऱ्यावर भराव टाकून समुद्राकाठचा रस्ता झाला. पुढे १९६० आणि ७०च्या दशकांत आणखी भराव पडला, समुद्र आणखी मागे गेला आणि त्या नव्या जमिनीवर जागतिक व्यापार केंद्र आणि निवासी मनोरे उभे राहिले. या सगळ्या भरावाच्या कडेला, रेल्वे अधिकाऱ्यांच्या बधवार पार्कसमोर, मच्छीमार नगर आहे. दाटीवाटीची घरं, वाळत घातलेली जाळी, दोरीवर बोंबील, आणि पुढे खडकाळ किनाऱ्याला लागलेल्या होड्या. वरून पाहणाऱ्याला ती झोपडपट्टी वाटते. आमच्या कचेरीतल्या खिडकीतूनही ती तशीच दिसायची आणि तसाच तिचा उल्लेख व्हायचा.

संध्याकाळी सुटल्यावर आठवड्यातून एकदा-दोनदा मी तिथे मासळी घ्यायला जात असे. एक मावशी ठरलेल्या होत्या. त्या मला ‘बाय’ म्हणत. बोंबील साफ करून देताना त्यांचा हात इतका झरझर चाले, की एकदा मी त्याचा फोटो काढला आणि भरलेल्या बोंबलांच्या पाककृतीसोबत ब्लॉगवर टाकला. त्या नोंदीला चाळीसच्या वर प्रतिसाद आले. माझ्या ब्लॉगच्या मानाने ते पुष्कळच होते. फोटोत मावशींचा चेहरा होता, तो मी कापला होता. फक्त हात, कोयता आणि मासळी ठेवली. चौकट छान दिसत होती म्हणून.

*

आता ब्लॉगांबद्दल. मुंबईत ब्लॉग हे प्रकरण केवळ रोजनिशी राहिलं नाही, याचं श्रेय संकटांना द्यावं लागतं. २६ डिसेंबर २००४ला त्सुनामी आली तेव्हा पीटर ग्रिफिन, रोहित गुप्ता आणि दीना मेहता या मुंबईच्या ब्लॉगरांनी पुढाकार घेऊन एक सामायिक ब्लॉग काढला. कुठे काय मदत हवी आहे, कोण बेपत्ता आहे, पैसे कुठे द्यायचे, हे जगभरातले स्वयंसेवक तिथे लिहू लागले. पुढच्याच वर्षी, २६ जुलै २००५ला, सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि शहर बुडालं. तेव्हा ‘क्लाउडबर्स्ट मुंबई’ नावाचा ब्लॉग निघाला. ११ जुलै २००६ला लोकलगाड्यांत स्फोट झाले तेव्हा ‘मुंबई हेल्प’वर परदेशातले नातेवाईक निरोप ठेवायचे आणि इथले लोक फोन करून माणसं शोधायचे. मोबाइलचं जाळं कोलमडलेलं असायचं, पण कचेरीतला इंटरनेट चालू असायचा. या ब्लॉगांचं सगळं बळ या साध्या तांत्रिक गोष्टीत होतं.

त्या स्फोटांनंतर काही दिवसांतच दूरसंचार खात्याने मोजक्या संकेतस्थळांवर बंदी घालण्याचा आदेश काढला. सेवा पुरवणाऱ्या कंपन्यांना नेमकी पानं बंद करणं जमेना किंवा जमवायचं नव्हतं, म्हणून त्यांनी अख्खं ब्लॉगस्पॉटच बंद करून टाकलं. भारतातल्या हजारो माणसांना आपलंच लिहिलेलं उघडेना. आरडाओरडा झाला, वर्तमानपत्रांनी बातम्या केल्या आणि आदेशाची दुरुस्ती झाली. आपण सगळे मिळून काहीतरी आहोत ही जाणीव इथल्या ब्लॉगरांना झाली असेल तर ती तेव्हा. तोवर प्रत्येक जण आपापल्या खोलीत होता.

हे सगळं बहुतेक इंग्रजीत. मराठीची वाट वेगळी होती, कारण मराठीचा पहिला प्रश्न ‘काय लिहू’ हा नसून ‘कसं उमटवू’ हा होता. मायबोली १९९६ साली सुरू झालं तेव्हा देवनागरी दिसण्यासाठी खास फाँट उतरवून घ्यावा लागे; नाहीतर रोमन लिपीतलं मराठी वाचायची सवय करावी लागे. वर्तमानपत्रांच्या प्रत्येक संकेतस्थळाचा फाँट निराळा. एकाचं दुसऱ्यावर उघडलं की चौकोन आणि प्रश्नचिन्हं. युनिकोड आलं, विंडोजच्या २००० आणि एक्सपी या आवृत्त्यांत देवनागरी नीट दिसू लागली, आणि दरवाजा उघडला. २००४ साली मनोगत सुरू झालं. तिथे थेट देवनागरीत टंकता येई, वर शुद्धिचिकित्सकही होता. शेषाद्री वासू यांची ‘बरहा’ ही लेखनप्रणाली आणि ओंकार जोशी यांचं ‘गमभन’ यांनी मराठी टंकन घराघरांत पोचवलं. २००७ साली उपक्रम आणि मिसळपाव ही संकेतस्थळं निघाली. २००८मध्ये स्टार माझा वाहिनीने ‘ब्लॉग माझा’ नावाची स्पर्धा घेतली तेव्हा ब्लॉग म्हणजे काय हे आमच्या घरच्यांनाही कळलं. आईने शेजारी सांगितलं, ‘ही पण लिहिते तसलं.’

तेव्हा आम्ही ‘ब्लॉग’ला मराठी शब्द शोधण्यातही बराच वेळ घालवला. कुणी अनुदिनी म्हणे, कुणी जालनिशी. वादात दोन-दोनशे प्रतिसाद पडत. आज हसू येतं, पण त्यामागे एक खरी ओढ होती. छापील मराठीत शिरायचं तर संपादक, दिवाळी अंक, ओळखीपाळखी यांतून जावं लागे. इथे अमेरिकेतला अभियंता, औरंगाबादची गृहिणी आणि डोंबिवलीचा कारकून एकाच पानावर भांडत होते, आणि त्यांना कुणी परत पाठवू शकत नव्हतं.

मराठीत असं पहिल्यांदाच घडत नव्हतं. बाळशास्त्री जांभेकरांनी मुंबईत ६ जानेवारी १८३२ला ‘दर्पण’ सुरू केलं. त्यानंतर १८४८ ते १८५० या काळात गोपाळ हरी देशमुखांनी ‘लोकहितवादी’ या टोपणनावाने भाऊ महाजनांच्या ‘प्रभाकर’मध्ये पत्रं लिहिली, ती आज आपण ‘शतपत्रे’ म्हणून वाचतो. त्यांचं रूप पाहिलं तर ब्लॉगची आठवण होते: टोपणनाव, छोटी नोंद, आठवड्याचा नेम, आपल्याच जातीवर्गाला सुनावलेले खडे बोल, आणि वाचणारे तेच ज्यांना टोचतंय. पण दुसरी गोष्टही तितकीच खरी आहे. त्या छापखान्यांमुळे आधी बोलते झाले ते शिकलेले, म्हणजे मुख्यतः वरच्या जातीतले पुरुष. साधन नवं आलं की ते सर्वांचं असल्याचा पुकारा होतो, आणि प्रत्यक्षात ते आधी जवळच्यांच्या हाती पडतं. २००८मध्ये मराठी ब्लॉगवर यायचं तर संगणक लागे, तारेचं इंटरनेट लागे, कीबोर्डवर ‘ज्ञ’ कसा काढायचा हे सांगणारं कुणी लागे, आणि लिहायला निवांत तास लागे. आमच्यात मासळीच्या पाककृती उदंड होत्या, कोकणातल्या सुट्ट्या होत्या, समुद्रावरच्या कविता तर विचारूच नका. मासे मारणाऱ्या माणसाने लिहिलेला एकही ब्लॉग मी तोवर वाचला नव्हता. ही उणीव जाणवलीही नव्हती.

*

२६ नोव्हेंबरला बुधवार होता. मी साडेसातच्या सुमारास कचेरीतून निघाले. मासळी घेतली नाही, कारण बस समोर दिसली. कटकला भारत-इंग्लंड सामना चालू होता, आणि वाटेतल्या प्रत्येक टीव्हीपुढे माणसं होती.

त्यानंतर काय झालं ते पुढे खटल्यात तपशिलाने नोंदलं गेलं. कराचीहून निघालेल्या दहा जणांनी पोरबंदरची ‘कुबेर’ ही मासेमारी नौका पळवली, तिच्यावरच्या माणसांना मारलं, आणि मुंबईजवळ आल्यावर रबरी होडीतून ते बधवार पार्कसमोर मच्छीमार नगराच्या किनाऱ्याला लागले. वेळ साडेआठ ते सव्वानऊच्या दरम्यानची. पाठीवर जड पिशव्या घेतलेली अनोळखी पोरं पाहून किनाऱ्यावरच्या रहिवाशांनी त्यांना हटकलं. विद्यार्थी असल्याचं उत्तर मिळालं. ते रस्त्यावर आले आणि टॅक्सीने पांगले. साडेनऊनंतर लिओपोल्डमध्ये गोळीबार सुरू झाला. मग ताज, ट्रायडंट-ओबेरॉय, छत्रपती शिवाजी टर्मिनस, कामा रुग्णालय, नरिमन हाउस. २९ तारखेच्या सकाळपर्यंत १६६ माणसं गेली.

मी गिरगावात घरी, संगणकापुढे. टीव्ही शेजारच्या खोलीत मोठ्याने लावलेला. कुलाब्यात राहणाऱ्या विनुकुमार रंगनाथन या तरुणाने कॅमेरा घेऊन रस्त्यावर उतरून काढलेले शंभरावर फोटो फ्लिकरवर चढवले. जगभरच्या वृत्तसंस्थांनी ते उचलले. ‘मुंबई हेल्प’ पुन्हा जागा झाला. ट्विटरवर ‘मुंबई’ शोधलं की वाचून होण्याआधी नव्या ओळी वर येत. त्यांतल्या पुष्कळशा टीव्ही पाहूनच लिहिलेल्या असत. म्हणजे टीव्ही सांगायचा, आम्ही टंकायचो, परदेशातले वाचायचे, आणि टीव्ही पुन्हा सांगायचा की इंटरनेटवर अशी चर्चा आहे. भारत सरकारने ट्विटरवर लिहिणं ताबडतोब थांबवायला सांगितल्याची एक बातमीही फिरली. बीबीसीनेसुद्धा ती आपल्या पानावर घेतली आणि खातरजमा न करता घेतल्याबद्दल नंतर जाहीर खुलासा केला.

माझं पाप छोटं, पण तसलंच. शुक्रवारी, २८ तारखेला दुपारी, शिवाजी टर्मिनसवर पुन्हा गोळीबार सुरू झाल्याची आवई उठली. मी ती ‘आत्ताच कळलं’ म्हणून ब्लॉगवर टाकली. कळलं कुठून, तर चाळीतल्या एकाच्या फोनवरून, आणि त्याला टीव्हीवरून. तासाभरात ती अफवा ठरली. मी नोंद उडवली नाही. त्या ओळीवर काट मारून खाली ‘हे चूक होतं’ असं लिहिलं. त्याचा मला तेव्हा फार अभिमान वाटला. टीव्हीवाल्यांना असं करता येत नाही, असंही मी लिहिलं.

ते खरंही होतं. हल्लेखोरांचे सूत्रधार सीमेपलीकडे बसून आपल्याच वाहिन्यांचं थेट प्रक्षेपण पाहत फोनवरून सूचना देत होते. २९ ऑगस्ट २०१२ला कसाबच्या अपिलाचा निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने या थेट प्रक्षेपणावर कडक ताशेरे ओढले. पण निकाल यायला जवळजवळ चार वर्षं लागली. ब्लॉगवाल्यांनी हे दुसऱ्याच दिवशी लिहिलं होतं. नेदरलँड्समध्ये राहणारे चैतन्य कुंटे यांनी २७ नोव्हेंबरला आपल्या इंग्रजी ब्लॉगवर एनडीटीव्हीच्या वार्तांकनावर टीका केली. वाहिनीकडून कायदेशीर नोटीस गेली. २६ जानेवारी २००९ला कुंटे यांनी आपल्या ब्लॉगवर ते लिखाण बिनशर्त मागे घेतल्याचं निवेदन टाकलं. प्रजासत्ताक दिन होता. मूळ लिखाण तोवर इतरांनी ठिकठिकाणी उतरवून ठेवलं होतं, आणि ज्यांनी ते कधी वाचलं नसतं त्यांनी नोटिशीमुळे वाचलं. कुंटे यांच्या लिखाणात चूक होती की नव्हती, हा वाद इथे नको. मला त्यातून दिसलं ते एवढंच, की ब्लॉगवाला मोठ्या माध्यमाला बोलू शकतो, पण कोर्टकचेरीची वेळ आली की तो एकटा असतो. त्याच्यामागे संपादक नाही, वकील नाही, संस्था नाही.

कफ परेडहून आमच्या बसच्या वाटेवर नरिमन पॉइंट लागतो. खुर्शेद नरिमन यांचं नाव त्या जागेला आहे. त्यांनी १९२०च्या दशकात बॅकबे भरावाच्या योजनेतली उधळपट्टी आणि गैरव्यवहार उघड केला, त्यावरून एका अधिकाऱ्याने त्यांच्यावर बदनामीचा खटला भरला, आणि नरिमन निर्दोष सुटले. पण नरिमन स्वतः वकील होते आणि काँग्रेसचे पुढारी होते. लढायचं बळ कुठून येतं हा प्रश्न छपाईच्या काळात होता, ब्लॉगच्या काळात होता आणि आजही आहे.

*

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात मी पुन्हा मावशींकडे गेले. वस्तीच्या तोंडाशी पोलीस, पुढे दोन कॅमेरेवाले.

‘तुमच्या इथंच उतरले म्हणे?’ मी विचारलं.

‘म्हणे काय? उतरलेच. पोरांनी बगितली ना होरी. रबराची. आपल्याकडं असली होरी कोन वापरतो? कोन रे तुमी, इचारलं पन.’

‘मग?’

‘मग काय. गेले. मंग आवाज आले.’ मावशींनी पाटीवर पाणी मारलं. ‘आता रोज येतात माइक घेऊन. दिसत कसे होते, कपडे कसले होते. आनि पेपरात काय, तर कोळ्यांनी पोलिसांना का नाय सांगितलं. कुनाला सांगायचं बाय? आमी सांगायला गेलो तर पयले आमालाच बसवून ठेवतील.’

मी मान हलवली. मावशी म्हणाल्या, ‘तू काम्पुटरवर लिवतेस ना? मावऱ्याचं लिवलंस तसं ह्ये पन लिव.’

त्या रात्री मी लिहायला बसले. तीन परिच्छेद झाले. मावशींचं बोलणं मी शुद्ध करून लिहिलं, कारण तसंच्या तसं लिहिलं तर वाचणारे त्यांच्या भाषेवरच प्रतिसाद देतील असं वाटलं. तसा आमच्याकडे रिवाजच होता. शुद्ध केल्यावर ते एखाद्या निवेदनासारखं वाटू लागलं. मग शंका आली, की हा पोलीस तपासाचा विषय आहे, त्यांनाच त्रास झाला तर? ही शंका खोटी नव्हती. पण शुक्रवारची अफवा टाकताना अशी कोणतीच शंका मला आली नव्हती. नोंद मी मसुद्यात ठेवली आणि दोन दिवसांनी ‘मुंबईचं स्पिरिट’ या विषयावर लिहिलं. त्याला भरपूर प्रतिसाद आले.

तीन दिवसांत आणि नंतरच्या पंधरवड्यात मी एकूण सात नोंदी केल्या. सातही टीव्ही पाहून. ज्या एका ठिकाणी माझ्या ओळखीच्या माणसाने काही पाहिलं होतं, ते सोडून बाकी सगळ्याविषयी मी लिहिलं.

*

किनाऱ्यावरच्या रहिवाशांच्या साक्षी पुढे विशेष न्यायालयात झाल्या आणि त्या निकालाचा भाग झाल्या. म्हणजे राज्याने त्यांचं ऐकलं, पण साक्षीदार म्हणून, विचारलं तेवढंच. हल्ल्यानंतर सागरी सुरक्षेची नवी व्यवस्था उभी राहिली: मच्छीमारांना ओळखपत्रं, नौकांची काटेकोर नोंदणी, किनाऱ्यावरची पोलीस ठाणी, संशयास्पद काही दिसलं तर कळवायला १०९३ हा क्रमांक. सरकारी भाषणांत मच्छीमारांना देशाचे ‘डोळे आणि कान’ म्हणायची पद्धत पडली. म्हणणाऱ्यांचा हेतू चांगलाच असेल. पण मला त्यातला तिसरा अवयव खटकत राहिला. दिसलं ते कळवा, ऐकलं ते कळवा. पण समुद्राबद्दल तुमचं म्हणणं काय, हे त्यात कुठे येत नव्हतं.

म्हणणं पुष्कळ होतं. २४ डिसेंबर २०१६ला अरबी समुद्रातल्या शिवस्मारकाचं जलपूजन झालं. त्या जागेत मासेमारी होते म्हणून दामोदर तांडेल यांच्या अखिल महाराष्ट्र मच्छीमार कृती समितीने आणि इतर कोळी संघटनांनी आधीपासून विरोध केला होता. वरळीच्या कोळ्यांनी सागरी किनारा मार्गाच्या पुलाखालून होड्या सुरक्षित जाव्यात म्हणून खांबांमधलं अंतर वाढवायची मागणी लावून धरली. २०२२च्या अखेरीस ते ६० मीटरऐवजी १२० मीटर करायचं महापालिकेने मान्य केलं. मागणी त्याहून जास्तीची होती.

याच काळात एक बदल झाला होता, आणि तो ब्लॉगमुळे झाला नव्हता. सप्टेंबर २०१६मध्ये जिओ आलं आणि मोबाइलवरचा डेटा इतका स्वस्त झाला की व्हिडिओ पाहणं आणि चढवणं कुणालाही परवडू लागलं. कीबोर्डवरचा ‘ज्ञ’ कुणाला शोधायची गरज उरली नाही. कोळ्यांची पोरं होडीतून व्हिडिओ करू लागली: जाळं कसं टाकतात, भरतीओहोटी कशी ओळखतात, गाळात प्लास्टिक किती येतं. २०२१च्या मे महिन्यात तौक्ते वादळ येत होतं, तेव्हा मच्छीमारांच्या व्हॉट्सअॅप गटांत फिरणारे इशारे मी मावशींच्या घरातल्या फोनवर पाहिले. ती भाषा मावशींचीच होती. कुणी ती शुद्ध केली नव्हती.

दरम्यान आमचे ब्लॉग ओस पडत गेले. २००९मध्ये जिओसिटीज बंद झालं, २०१३च्या जुलैत गूगल रीडर, २०१४च्या सप्टेंबरात ऑर्कुट. त्यांच्याबरोबर कितीतरी मराठी लिखाण आणि त्याहून जास्त मराठी भांडणं गेली. लिहिणारे फेसबुकवर गेले, काही छापील पुस्तकांत गेले, काही गप्प झाले. ‘थिंक महाराष्ट्र’, ‘अक्षरनामा’ यांसारखी संपादित संकेतस्थळं आली. २०१४ साली पी. साईनाथ यांनी ‘परी’ सुरू केलं, आणि तिथे कष्टकऱ्यांच्या हकिकती त्यांचे चेहरे न कापता मराठीतही येऊ लागल्या. आम्ही काहीच केलं नाही असं मला म्हणायचं नाही. युनिकोड मराठीचा वापर, देवनागरी टंकनाची सवय, संपादकाशिवाय लिहिण्याची भीड मोडणं, चूक झाली तर ती काट मारून तिथेच ठेवण्याचा शिष्टाचार: हे त्या पिढीने दिलं. आजच्या संकेतस्थळांचा पाया त्यावर आहे. पण ‘कुणीही लिहू शकतं’ हे आमचं वाक्य तेव्हा जितक्या ठामपणे आम्ही म्हणत होतो तितकं खरं नव्हतं. त्यात ‘माझ्यासारखं कुणीही’ असं गृहीत होतं.

आणि व्हिडिओवाल्या पोरांनाही सगळं मोकळं रान मिळालेलं नाही. जाळ्यात मोठा मासा आला की लाख माणसं पाहतात. तेच पोरगं डिझेलच्या परताव्याबद्दल बोललं की कुणी पाहत नाही. काय दाखवायचं हे कंपनीचं यंत्र ठरवतं. शिवाय ही वाहिनी उद्या बंद झाली तर हे सगळं ऑर्कुटच्याच वाटेने जाणार. कोळीवाड्याचा हा एवढा मोठा बोलका दस्तऐवज कुठल्याही ग्रंथालयात नाही.

*

हा लेख लिहायचा ठरवल्यावर मी मच्छीमार नगरात गेले. मावशी आता पाटी घेऊन बसत नाहीत, गुडघे धरतात. त्यांच्या परवानगीशिवाय त्यांचं बोलणं इथे घालायचं नाही असं ठरवलं होतं. नाव घालणार नाही, हेही सांगितलं. २००८ सालची गोष्ट लिहितेय म्हटल्यावर त्या थोडा वेळ बघत राहिल्या.

‘तवा नाय लिवलंस?’

‘नाही लिहिलं.’

‘मला वाटलं लिवलंस.’

सोळा-सतरा वर्षं त्यांना वाटत होतं की मी लिहिलं आहे. मला काही बोलता आलं नाही. मग त्याच म्हणाल्या, ‘आता लिव. पन आमचा नातू टाकतो काय काय, त्यो बग आदी.’ नातवाने फोन पुढे केला. त्याच्या एका व्हिडिओत आजी खाटेवर बसून त्या रात्रीची होरी सांगत होत्या. पाहणारे तीनशे बारा. नातवाच्या सुरमईच्या व्हिडिओला त्याच्या कितीतरी पट.

घरी येऊन मी ब्लॉग उघडला. पासवर्ड तिसऱ्या खेपेला जमला. मसुदा अजून तिथेच आहे, डिसेंबर २००८ची तारीख घेऊन. त्यातलं मावशींचं शुद्ध केलेलं बोलणं मी काट मारून तसंच ठेवलं, खाली त्या बोलल्या होत्या तसं लिहिलं, आजची तारीख घातली, आणि नोंद प्रसिद्ध केली. बोंबलांच्या नोंदीतला फोटो मात्र दुरुस्त करता आला नाही. मूळ फोटो असलेला संगणक केव्हाच भंगारात गेला आहे, आणि माझ्याकडे उरला आहे तो कापलेलाच.